जुळं म्हणजे दुप्पट यश नव्हे: आयव्हीएफबद्दलचे सहा गैरसमज

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात मेडिकल कॉलेज आहे, राजाराम साखर कारखाना आहे आणि ‘उसाचं बिल जमा झालं की या वर्षी डॉक्टरांना दाखवूया’ म्हणणारी जोडपीही आहेत. आयव्हीएफसाठी, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारासाठी, आता मुंबई-पुणे गाठावं लागत नाही, कोल्हापुरातही ते होतं. पण दवाखान्याची पायरी चढण्याआधीच भावकीतून आणि शेजारपाजारातून सल्ले सुरू होतात. त्यातले काही नुसते चुकीचे असतात, तर काही आई-बाळाच्या जिवावर बेतणारे.

गैरसमज 1 : दोष बाईचाच असतो.
वस्तुस्थिती : सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीनं आढळतं. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त. तरी तिचा नंबर शेवटी लागतो. तोवर सुनेच्या चार तपासण्या आणि दोन नवस झालेले असतात.

गैरसमज 2 : घाई कशाला, शेवटी आयव्हीएफ आहेच.
वस्तुस्थिती : स्त्रीबीजांचं वय आयव्हीएफनं मागं नेता येत नाही. पस्तिशीनंतर यशाचं प्रमाण घसरतं आणि चाळिशीनंतर स्वतःच्या बीजावर मूल होण्याची शक्यता फार कमी उरते. 2021च्या कायद्यानं स्त्रीला पन्नाशीपर्यंत उपचाराची मुभा दिली आहे, पण शरीर त्या कलमावर चालत नाही.

गैरसमज 3 : दोन-तीन भ्रूण सोडले की काम पक्कं, जुळं झालं तर एकाच खर्चात संसार पुरा.
वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांच्या आत जन्मतात. कमी वजन, काचेच्या पेटीतले दिवस, आईला रक्तदाब आणि रक्तस्राव हे सगळं त्यामागून येतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 36 वर्षांखालच्या 661 स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटात दोन भ्रूण एकदम सोडले. दुसऱ्यात आधी एक सोडला आणि गर्भ राहिला नाही तर नंतर गोठवलेला दुसरा. मूल होण्याचं प्रमाण पहिल्या गटात 42.9 टक्के, दुसऱ्यात 38.8. पण झालेल्या प्रसूतींत जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण 33.1 टक्क्यांवरून थेट 0.8वर आलं. एवढ्याशा फरकासाठी केवढी जोखीम घ्यायची, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

गैरसमज 4 : गोठवलेला भ्रूण म्हणजे शिळा.
वस्तुस्थिती : 3 ऑक्टोबर 1978 रोजी कोलकात्यात जन्मलेली भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी दुर्गा ही डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवून ठेवलेल्या भ्रूणातूनच जन्मली. चीनमध्ये पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या 1508 स्त्रियांवरच्या 2016च्या अभ्यासात गोठवलेल्या भ्रूणांच्या गटात 49.3 टक्के स्त्रियांना मूल झालं, ताज्या भ्रूणांच्या गटात 42 टक्के. मात्र गरोदरपणातला धोकादायक रक्तदाब, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, पहिल्या गटात जास्त होता: 4.4 टक्के, दुसऱ्यात 1.4. म्हणून अशा गरोदरपणात बीपीची तपासणी चुकवू नये.

गैरसमज 5 : भ्रूण सोडल्यानंतर अंथरुणातून उठायचं नाही, आणि आयव्हीएफची मुलं कमजोरच निघतात.
वस्तुस्थिती : उठल्या-चालल्यानं भ्रूण खाली पडत नाही. पडून राहण्याचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. रोजची हलकी कामं चालतात. मुलांचं म्हणाल तर डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मलेली आयव्हीएफ बाळ हर्षा 2016 साली स्वतः आई झाली. एकेकटं जन्मलेल्या आयव्हीएफ बाळांतही लवकर प्रसूती आणि कमी वजन किंचित जास्त दिसतं, हे खरं. पण नॉर्वेत एकाच आईच्या आयव्हीएफनं आणि नैसर्गिकरीत्या झालेल्या मुलांची तुलना केल्यावर हा फरक बराच ओसरला. म्हणजे त्यातला मोठा वाटा आई-वडिलांच्या मूळ अडचणीचा होता.

गैरसमज 6 : पैसे मोजले की मुलगा मागता येतो.
वस्तुस्थिती : गर्भ राहण्याआधी लिंग निवडणं हासुद्धा गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी सोनोग्राफी मशिनवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारं यंत्र बसवणाऱ्या कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको.

पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात. केंद्राची नोंदणी आहे का? एकच भ्रूण सोडणार का, नसेल तर का नाही? प्रसूती जिथे होणार तिथे नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग आहे का? उत्तरं टाळली गेली तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.