संत्र्या-लिंबाची मऊ बिस्किटं : हिशेबासकट

आम्ही गडमुडशिंगीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. दिवाळी जवळ आली, की आपल्याकडे मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर जायची पद्धत आहे. रांग लावायची, गप्पा मारायच्या आणि नानकटाईचे पत्र्याचे डबे भरून घरी आणायचे. आमची सुरुवातही तिथूनच झाली. गटातल्या एका वहिनींच्या लेकीनं मऊ, आंबटगोड बिस्किटांची कल्पना काढली, आणि आम्ही त्याचं पीठ मळून तसंच भट्टीवर नेलं. दीड तास रांगेत थांबलो. बिस्किटं निघाली चपटी आणि कडक.

असं का झालं, ते समजायला आम्हाला वेळ लागला. नानकटाईच्या पिठात तूप भरपूर, पाणी जवळजवळ नाही. ते पीठ थांबतं. आपल्या या बिस्किटात दही आणि फळाचा रस असतो. आंबट रस आणि खाण्याचा सोडा भेटले, की लगेच वायू तयार होतो, आणि तोच बिस्किट फुगवतो. पीठ रांगेत बसलं, की वायू निघून जातो. त्यात भट्टीची आच जोराची. म्हणून गटाच्या अंतर्गत कर्जातून आम्ही एक छोटा ओव्हन घेतला.

आता साहित्य सांगतो, लिहून घ्या. मैदा २५० ग्रॅम, मऊ लोणी १२५ ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, घट्ट दही ६० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, दोन संत्र्यांची किसलेली साल आणि एक मोठा चमचा संत्र्याचा रस. अंडं नाही, त्यामुळे हळदीकुंकवालाही चालतं.

संत्रं सोलायच्या आधी धुऊन, पुसून किसणीवर हलक्या हातानं फिरवा. वास असतो तो वरच्या केशरी थरातल्या तेलात. खालचा पांढरा भाग कडू असतो. लिंबू घेतलंत तर जास्तच जपा, कागदी लिंबाची साल फार पातळ. किसलेली साल पिठीसाखरेत चोळून घ्या, तेल साखरेत उतरतं. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आंबिया बहार हिवाळ्यात बाजारात येतो, म्हणून संक्रांतीच्या आसपास हे काम स्वस्तात होतं. उन्हाळ्यात लिंबं महागतात, तेव्हा हिशेब पुन्हा करा.

लोणी आणि साखर हलकं होईपर्यंत फेटा. त्यात दही आणि रस घाला. मैदा, पावडर, सोडा, मीठ एकत्र चाळून शेवटी घाला आणि पीठ गोळा होईल इतकंच मिसळा. चपातीसारखं मळलं तर बिस्किट चिवट होतं. साधारण २२ ग्रॅमचे गोळे करा, २६ होतात. पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे पसरत नाहीत. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर ११ ते १३ मिनिटं. कडा सोनेरी दिसल्या आणि मध्यभाग जरा मऊ वाटला, की बाहेर काढा. "कच्चं राहिलं वाटतं" म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवलं, की मऊपणा गेला. तापलेल्या ट्रेवर ते आपोआप शिजून बसतं.

वरचा लेप सोपा आहे. १२० ग्रॅम पिठीसाखर चाळून त्यात चार छोटे चमचे लिंबाचा रस थेंबाथेंबानं घाला. चमच्यावरून जाड धारेनं पडला पाहिजे. आता कोल्हापूरकर विचारणारच, आपला गूळ का नाही? आम्हीही करून बघितलं. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे लेप वाळत नाही, चिकटच राहतो. गूळ पिठात घाला, वर साखरच.

या लेपानंच आम्हाला मोठा धडा दिला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची ३०० बिस्किटांची ऑर्डर मिळाली. गडबडीत आम्ही कोमट बिस्किटांवर लेप लावला आणि लगेच प्लास्टिकच्या डब्यात भरली. सकाळी झाकण उघडलं तर वाफेनं लेप विरघळलेला, बिस्किटं एकमेकांना चिकटलेली. निम्मा माल परत आला. ओव्हनचा हप्ता तसाच राहिला, आणि दोघीजणी तर "गट सोडतो" म्हणाल्या. त्या दिवशी कुणी कुणाला बोल लावला नाही, एवढंच बरं झालं. आता बिस्किट पूर्ण गार झाल्यावरच लेप लावतो, जाळीवर तीन तास वाळवतो, थरांमध्ये बटर पेपर घालतो आणि चार दिवसांत खायला सांगतो.

दुसरा धडा पैशाचा. एका घाण्याला साहित्य १२० रुपयांचं. पाच रुपयाला एक विकलं, १३० आले, आणि "दहा उरले" म्हणून आम्ही खूश! गॅस आणि पॅकिंगचे ३० रुपये कुठे गेले? एका बाईचा तासभराचा वेळ कुठे गेला? त्याचे ६० धरले तर खर्च २१० होतो. म्हणजे प्रत्येक घाण्याला ८० रुपये आम्ही आपल्या खिशातून घालत होतो. आता दहा रुपयाला एक देतो; मजुरी करणारीच्या हातात पडते आणि ५० रुपये गटात राहतात.

विकायचं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खायचं, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह लिहा.

घरी ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ तापवा, वर स्टँड आणि ताटली ठेवा, झाकण लावून मंद आचेवर चार बिस्किटं करून बघा. वेळ थोडा जास्त लागेल. आधी चारच करा, खाऊन बघा, मग ऑर्डर घ्या. आणि वहीत पहिली ओळ मैद्याची लिहू नका, आपल्या वेळेची लिहा. नाहीतर ती ओळ राहूनच जाते.