पुण्यातल्या मैफली आणि आपली मुले

बारावीचे निकाल लागले की रत्नागिरी, सोलापूर, लातूर, बीडकडची किती तरी मुले-मुली पुण्याची गाडी पकडतात. कुणी कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये, कुणी फर्ग्युसनला, कुणी एस. पी. कॉलेजात. घरून विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. मेस कशी आहे, खोलीत किती जण आहेत, मशीद जवळ आहे ना. संध्याकाळी काय करतोस, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलेच तर "काही नाही अम्मी, खोलीवरच असतो," असे उत्तर येते. खोलीवर असणे म्हणजे मोबाइलवर असणे, हे आता सगळ्या अम्मींना ठाऊक झाले आहे.

पुण्यात मात्र संध्याकाळी चार पावले चालले की कुणाचे तरी गाणे समोर बसून ऐकायला मिळते. पावसाळा सरला की मग विचारूच नका. त्यातले बरेचसे विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे असते आणि काही तर फुकट असते.

गाण्याचा विषय निघाला की आपल्यातल्या काही घरांत कपाळाला आठ्या पडतात. उलेमांमधला हा मतभेद जुना आहे. वाद्ये वर्ज्य मानणारे आहेत, तसे समाची परंपरा शतकानुशतके सांभाळणारे चिश्ती बुजुर्गही आहेत. ज्या घरात वाद्य ऐकले जात नाही, त्या घराची समजूत घालायला हा लेख बसलेला नाही. ज्या घरांत ऐकले जाते, त्यांच्यासाठी एक जुनी कसोटी मात्र सांगण्यासारखी आहे. इमाम गझालींनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये समा आणि वज्द यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात हजरत जुनैद बगदादींचे म्हणणे येते, की समासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात. वेळ, जागा आणि सोबती. जेवण समोर आले असेल, भांडण चालू असेल किंवा नमाजची वेळ झाली असेल, तर मन थाऱ्यावर नसते आणि ऐकण्यातून काही मिळत नाही, असे गझाली पुढे समजावतात. नऊशे वर्षांपूर्वीची ही कसोटी आज पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्याही कामाची आहे. कुठे जायचे, कधी जायचे आणि कुणाबरोबर जायचे, हे तिच्यावरून ठरवता येते.

पुण्यातला सर्वांत मोठा मेळा म्हणजे डिसेंबरातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. पूर्वी तो शनिवार पेठेत रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्र-रात्र चालायचा. शाल पांघरून पहाटेपर्यंत बसणाऱ्या पुणेकरांच्या आठवणी अजून ऐकायला मिळतात. ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आले आणि दहाच्या आत आवरावे लागू लागले. एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते. जुन्या रसिकांना याची हळहळ वाटते, कारण उत्तररात्रीचे राग त्यामुळे मांडवातून हद्दपार झाले. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीच्या दृष्टीने मात्र हे बरेच झाले. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होऊ लागला. स्वारगेट तिथून जवळ आहे, आणि २०२४ पासून स्वारगेटला मेट्रोही आली.

तिकिटाची फार धास्ती घेऊ नये. खुर्च्या महाग असतात, पण खाली भारतीय बैठकीची जागा सर्वांत स्वस्त असते आणि ऐकायला ती खुर्चीहून सरस असते. आसपास तंबोरा शिकणाऱ्या मुली असतात, वीस वर्षे न चुकता येणारे आजोबा असतात. चुकीच्या जागी टाळी वाजवली तर ते आजोबा एकदा बघतात, पुन्हा बघत नाहीत. सोबत एक चादर आणि पाण्याची बाटली असली की झाले.

नमाजचा हिशेब आधी करून ठेवावा. डिसेंबरात पुण्यात मगरिब सहाच्या सुमारास होते, आणि कार्यक्रम तर दुपारीच सुरू झालेला असतो. अस्र उरकून मांडवात शिरावे. एका कलाकाराचे गाणे संपले की दुसऱ्याचे तंबोरे जुळेपर्यंत बराच वेळ जातो. मगरिबची वेळ त्यात बसली तर उत्तमच. नाही बसली तर उठून जाण्यात संकोच कसला? चहासाठी लोक उठतातच की. फक्त आलाप रंगलेला असताना माणसे ओलांडत जाऊ नये, कडेला बसावे म्हणजे झाले.

हिजाब घातलेल्या मुलीला किंवा टोपी घातलेल्या मुलाला पहिल्या दिवशी त्या मांडवात अवघडल्यासारखे होते. आपण कुणाच्या तरी घरच्या कार्यात न बोलावता आलो, असे वाटते. अशा वेळी हे घर कुणी बांधले, ते माहीत असलेले बरे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. १९५२ मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी हा महोत्सव सुरू केला. रामभाऊंचे गुरू होते उस्ताद अब्दुल करीम खाँ. जन्म उत्तरेतल्या कैरानाचा, पण आयुष्य गेले आपल्याकडे. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. महोत्सव भरवणाऱ्या आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या नावात 'आर्य संगीत' हे दोन शब्द आजही आहेत. हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलगी, सुरेशबाबू माने हा मुलगा. किराणा घराणे म्हणून जे काही पुण्याच्या कानात बसले आहे, त्याची सुरुवात या एका माणसापासून होते. नंतरच्या काळात याच मंचावर बेगम परवीन सुलताना गायल्या. रशीद खाँ तर पुणेकरांच्या घरचेच झाले होते. २०२४ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा इथे किती तरी घरांत त्यांच्या ध्वनिफिती लागल्या. सतारिये उस्ताद शाहिद परवेज यांनी तर पुणे हेच आपले घर केले. तेव्हा आपल्या मुलीने मांडवात ऐसपैस बसावे.

पण सवाई हा वर्षातून एकदाचा मेळा झाला. कान तयार होतात ते छोट्या बैठकीत. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय आणि भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये काढलेला भारत गायन समाज या दोन्ही संस्था जुन्या पुण्यात अजून चालू आहेत. बखलेबुवांनी तालीम कुणाकुणाकडे घेतली? बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि मग अल्लादिया खाँ. तिघेही आपले. अशा संस्थांत गुरुपौर्णिमेला, पुण्यतिथ्यांना कार्यक्रम होतात. पन्नास-साठ माणसे, मोठा ध्वनिक्षेपक नाही, गायकाने श्वास घेतलेलाही ऐकू येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. तिथे गाणे शिकणारी मुले आपल्याच मुलांच्या वयाची असतात, आणि वीस वर्षांच्या मुलीने घाबरत घाबरत मांडलेला यमन ऐकणे हाही एक अनुभव असतो. जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिरात गझलेचे आणि जुन्या सिनेगीतांचे कार्यक्रम होतात. अम्मी-अब्बू भेटायला आले तर त्यांना न्यायला हे ठिकाण चांगले.

कव्वालीची ओढ असणाऱ्याने उरुसाची तारीख विचारून ठेवावी. कॅम्पात हजरत बाबाजान यांचा दर्गा आहे. सातारा रस्त्यावर खेड-शिवापूरला हजरत कमरअली दरवेश यांचा. उरुसात कव्वाल बसतात तेव्हा ऐकणारा वर्ग वेगळाच असतो, हमाल, रिक्षावाले, फुले विकणाऱ्या बायका, आणि त्यांची दाद थेट पोचते. नाट्यगृहात तिकीट लावून होणारी कव्वाली पुष्कळदा सिनेमातली असते. ती वाईट नसते, पण तिला समा म्हणू नये एवढेच.

कॉलेजच्या मुलांना बँड हवे असतात, हेही खरे. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुले स्वतः गातात, वाजवतात, चित्रे काढतात, सगळे एकाच प्रयोगात. ते जरूर बघावे. पबमध्ये होणाऱ्या कार्यक्रमांबद्दल लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही. जिथे दारूची बाटली टेबलावर येते, तिथे जुनैद बगदादींच्या तीनपैकी एकही गोष्ट उरत नाही.

परत येण्याचे आधी ठरवावे. कुठे जातोय, कुणाबरोबर आणि कितीला निघणार, हा निरोप घरी एकदा टाकला की अम्मीलाही झोप लागते. मुलींनी दोघी-तिघींनी जावे, शेवटची मेट्रो बघून ठेवावी. कार्यक्रम रंगात आला म्हणून हॉस्टेलची वेळ थांबत नाही.

आणि कोल्हापूरच्या बाजूला घर असेल, तर वाटेत मिरज लागते, तिथे एकदा उतरावे. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना गेले. मय्यत मिरजेला आणली आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केली. दर वर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. हिराबाई, भीमसेन, गंगूबाई हनगल सगळे तिथे हजेरी लावून गेले. तिकीट नाही, जोडे बाहेर काढायचे आणि बसायचे. दिवसा वेळ असला तर सतारमेकरांची गल्ली बघावी. यांचे पूर्वज शस्त्रे घडवणारे शिकलगार. दीडशेहून अधिक वर्षे झाली, या घरांत सतारी आणि तंबोरे होतात. पंढरपूरकडून येणारे मोठाले भोपळे दारात वाळत घातलेले दिसतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागीर कामात असतात, पण विद्यार्थी आहे म्हटले की हातातला तंबोरा कुठे जाणार ते सांगतात. पुष्कळदा तो पुण्याला जाणार असतो.