लिनक्सची आज्ञा आणि संगणकाचा कारभार

आजच्या विषयाचे नाव ऐकून तो केवळ अभियंत्यांचा आहे, असे काही श्रोत्यांना वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तसे नाही. मनवेलपाड्यातून रोज सकाळी विरार स्थानक गाठणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळ जण दिवसभर संगणकावरच काम करतात. ते संगणक वापरतात. पण तो अडला तर उभा कोण करतो, आणि त्यातले काय कोणी पाहावे हे कोण ठरवतो, हा प्रश्न निराळा आहे. वापरणारा आणि कारभार पाहणारा यांच्यातील हे अंतर सामान्य माणसाला ओलांडता येते काय, याचा आपण विचार करू.

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते पाहू. संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये एक व्यवस्था असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या व्यवस्थेचा पाया घातला. तिच्याच धर्तीची, परंतु कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी व्यवस्था उभारण्याचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी अशा व्यवस्थेचा गाभा लिहून प्रसिद्ध केला. या दोन प्रयत्नांच्या मिलाफातून आजचे लिनक्स उभे राहिले. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ च्या यादीतील झाडून सारे संगणक लिनक्सवर चालत होते. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी हा संगणक नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ वा होता, तोही लिनक्सवरच. तीच व्यवस्था घरातल्या जुन्या संगणकावर विनामूल्य बसवता येते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. कारण महासंगणकाच्या कारभाऱ्याला जी विद्या लागते, तिची मुळाक्षरे चाळीतल्या खोलीतही गिरवता येतात.

ही मुळाक्षरे म्हणजे आज्ञा, अर्थात कमांड. पडद्यावरील चित्रावर बोट ठेवण्याऐवजी आपण शब्द टंकतो आणि यंत्र उत्तर देते. 'एल-एस' म्हटले की फायलींची यादी येते. 'सी-डी' म्हटले की आपण दुसऱ्या कप्प्यात जातो. 'मॅन' लिहून पुढे एखाद्या आज्ञेचे नाव लिहिले, तर तिची माहिती समोर उलगडते. म्हणून पहिल्या दिवशी एकच आज्ञा शिकायची झाली, तर ती 'मॅन' शिकावी.

या आज्ञा एकेकट्या लहानच असतात. त्यांचे सामर्थ्य जोडणीत आहे. समजा, एका गृहनिर्माण संस्थेची देखभाल-वर्गणी एका फायलीत नोंदली आहे. प्रत्येक सदनिकेची एक ओळ, आणि शेवटी 'जमा' किंवा 'थकीत' हा शब्द. 'ग्रेप' ही आज्ञा 'थकीत' शब्द असलेल्या ओळी वेचून काढते. 'डब्ल्यू-सी' ही आज्ञा ओळी मोजते. दोहोंच्या मध्ये एक उभी रेघ ओढली की पहिलीचे उत्तर दुसरीच्या हाती जाते आणि थकबाकीदारांची संख्या क्षणात मिळते. या रेघेला पाइप म्हणतात. १९७३ साली ती युनिक्समध्ये आली. सदनिका चाळीस असोत वा चार लाख, आज्ञा तीच राहते.

आता कारभाराकडे वळू. त्याच संस्थेची हिशेबाची फाइल घ्या. चिटणीसाने ती वाचावी व लिहावी, कार्यकारिणीने केवळ वाचावी, इतरांनी पाहूही नये, असे आपल्याला हवे आहे. लिनक्समध्ये प्रत्येक फायलीला एक मालक, एक गट आणि उरलेले सर्व, असे तीन पक्ष असतात. वाचण्याच्या परवानगीचा अंक ४, लिहिण्याचा २ आणि चालवण्याचा १. चिटणीसाचे ४ व २ मिळून ६, कार्यकारिणीचे ४, इतरांचे शून्य. म्हणून या फायलीची परवानगी ६४० होय. हा आकडा पाठ करणाऱ्याला उद्या निराळी फाइल आली की अडायला होते. त्यामागचा हिशेब समजलेल्याला अडत नाही.

या सर्वांवर एक खाते असते, त्याचे नाव 'रूट'. परवानग्यांची ही बंधने त्याला अडवत नाहीत. त्याने 'आर-एम' ही आज्ञा देऊन फाइल पुसली, तर ती कचरापेटीत जात नाही, ती गेलीच. म्हणून शहाणा कारभारी रोजचे काम साध्या खात्यातून करतो आणि गरजेपुरताच 'सुडो' या आज्ञेने अधिकार उसना घेतो. अशा आज्ञेची नोंदही सामान्यतः व्यवस्थेच्या दप्तरात होते. अधिकार थोडा वेळ घ्यावा आणि त्याची नोंद राहावी, हा नियम आपल्या सार्वजनिक संस्थांनाही लागू पडण्यासारखा आहे.

कारभाऱ्याची खरी परीक्षा यंत्र अडल्यावर होते. समजा, फाइल जतन होत नाही. घाईचा मनुष्य सगळे पुसून नव्याने बसवतो. जाणता प्रथम 'डी-एफ' या आज्ञेने डिस्कवर जागा किती उरली ते पाहतो. 'डी-यू'ने ती कोणत्या कप्प्याने खाल्ली ते शोधतो. मोठी फाइल पुसूनही जागा मोकळी झाली नाही, तर ती एखाद्या चालू प्रोग्रामने उघडी धरलेली असू शकते; तो थांबल्यावर जागा सुटते. कधी जागा शिल्लक असते, पण फायलींच्या नोंदींची ठराविक संख्या संपलेली असते. अशी कारणे एकेक करून तपासावी लागतात. वैद्याने नाडी पाहण्याआधी औषध देऊ नये, तसेच हे आहे.

हे शिकायचे कोठे? पवईच्या आयआयटी मुंबईने प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली 'स्पोकन ट्युटोरिअल' हा उपक्रम चालवला. त्यात सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्श्राव्य पाठ आहेत, ते विनामूल्य आहेत, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. लिनक्सच्या पाठांत साध्या आज्ञा, फायलींच्या परवानग्या, पाइप येथपासून नवी खाती उघडण्यापर्यंतचा भाग येतो. पाठ ऐकावा, थांबवावा आणि तेच आपल्या संगणकावर करून पाहावे, अशी त्यांची पद्धत आहे. ती उत्तम आहे, कारण ही विद्या नुसती पाहून येत नाही.

शिकवणी वर्गांना माझा विरोध नाही. परंतु आज्ञांची यादी घोकून मिळवलेले प्रमाणपत्र पहिल्याच बिघाडापाशी निरुपयोगी ठरते. फी भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने एवढेच विचारावे : येथे यंत्र बिघडवून ते दुरुस्त करायला शिकवतात काय? घरीही हे करता येते. संगणकातच एक आभासी संगणक तयार करावा, त्याची प्रत ठेवावी आणि मग त्यात हवे तेवढे प्रयोग करावेत. घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रे असलेल्या यंत्रावर मात्र करू नयेत. एक वही ठेवावी. काय केले, यंत्र काय म्हणाले, कशाने सुटले, हे तारखेसह लिहावे. आणि राखीव प्रत काढली म्हणून निर्धास्त न होता, तिच्यातून फाइल परत आणून पाहावी.

संध्याकाळच्या गर्दीतून घरी पोहोचलेल्या माणसाला रोज अर्धा तास काढणेही सोपे नाही, याची मला जाणीव आहे. तरीही ज्यांना तो काढता येईल, त्यांनी काढावा. ज्या यंत्रावर आपली बँक, आपले टपाल आणि आपली नोकरी चालते, त्याचा कारभार समजणारी माणसे आपल्याही वस्तीत असली पाहिजेत. विद्या खुली आहे, मराठीत आहे. उरला तो आपला अभ्यास. इतके सांगून मी आपली रजा घेतो.