राखीव जमिनीची बेरीज

चांदोली हे राष्ट्रीय उद्यान. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्या यादीतही ते आहे. तिन्हींची क्षेत्रफळं वेगवेगळी धरून बेरीज मारली, तर एकाच डोंगरावर तीनदा जंगल उगवतं! म्हणून नकाशे करणारे आधी सगळ्या सीमा एकमेकींवर ठेवतात, आतल्या रेघा पुसतात आणि उरलेल्या बाहेरच्या रेषेतलंच क्षेत्रफळ मोजतात. जगभरच्या संरक्षित क्षेत्रांच्या एकत्रित नोंदीत काही ठिकाणांची हद्दच आलेली नसते. नुसता एक बिंदू आणि क्षेत्रफळाचा आकडा. मग त्या बिंदूभोवती तेवढ्याच क्षेत्रफळाचं वर्तुळ काढतात. बेरजेपुरतं ते चालतं, पण त्या गोल जंगलात ओढा कुठून वाहतो आणि गाव कुठे आहे, हे कोण सांगणार?

तरी बेरीज हा सोपा भाग. २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि तेवढाच समुद्र राखायचा, असं २०२२ मध्ये माँट्रियलला ठरलं. खरा वाद कोणते ३० टक्के, याचा आहे. उंच, खडकाळ, नांगर न चालणारी जमीन राखीव करायला कुणाचा फारसा विरोध नसतो, त्यामुळे तीच आधी राखीव होते.

हवाई बेटांवर १९८० च्या दशकात मायकेल स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्मीळ जंगली पक्ष्यांच्या वावराचा नकाशा राखीव जमिनींच्या नकाशावर ठेवून पाहिला. पक्षी एकीकडे, राखीव जमीन दुसरीकडे! १९८५ मध्ये हकालाऊचं जंगल राखीव झालं, ते पक्षी होते तिथे. राखीव जमीन आणि जीवांचा वावर यांतली फट शोधण्याची ही रीत पुढे ‘गॅप ॲनालिसिस’ म्हणून रुळली.

आपल्याकडे उलटी चूक झाली. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतले तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर माळढोक अभयारण्यात घातले गेले. त्यात उसाचे फड, गावठाणं, बाजारपेठा, सगळंच आलं. माळढोकाला हवं ते गवताळ माळरान मात्र तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. शेतकऱ्यांचा रोष साहजिकच पक्ष्यावर निघाला. पुढे हद्द छाटून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली. तोवर माळढोक दिसेनासा होत चालला होता.

माझ्या मते अशा नकाशात वनखात्याच्या हद्दीइतकाच महसूल खात्याचा थर महत्त्वाचा. सरकारी दफ्तरात माळरान बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदलेलं असतं आणि पडीक जमीन कारखान्याला किंवा सौर प्रकल्पाला द्यायला कुणाचा हात आखडत नाही. तिसरा थर विजेच्या तारांचा. माळढोक वजनदार पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि ऐनवेळी वळताही येत नाही. राजस्थानात उच्चदाबाच्या तारांवर आदळून माळढोक मरतात, आणि त्या तारा संरक्षित क्षेत्राच्या नकाशावर काढलेल्या नसतात.