झाकणाची ताकद

कोळसा, धान्य, लोहखनिज असा सुटा माल वाहणारं बल्क कॅरिअर म्हणजे एकामागे एक मांडलेले अवाढव्य खण. प्रत्येक खणावर पोलादी झाकण, म्हणजे हॅच कव्हर. खाली दुहेरी तळ आणि दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, तिरक्या टाक्या. रिकाम्या फेरीत त्यांत समुद्राचं पाणी भरतात. खालच्या उतारामुळे माल मधोमध घसरतो आणि उपसायला सोपा जातो. वरच्या उतारामुळे धान्याला एका अंगाला सरकायला फारशी जागा उरत नाही.

गोव्यातल्या मुरगाव बंदरातून बाहेर जाणाऱ्या लोहखनिजाचं गणित वेगळं. ते इतकं जड, की खण अर्धाही भरण्याआधी जहाज पुरतं लादलं जातं. सगळ्या खणांत सारखं पसरलं तर वजन फार खाली जातं आणि जहाज झटके देत डोलतं. म्हणून पुष्कळदा एकाआड एक खण भरतात. मग भरलेला खण खाली दाबतो, शेजारच्या रिकाम्या खणाला पाणी वर रेटतं आणि ही ओढाताण मधल्या पन्हळी भिंतींना सोसावी लागते.

तरीही घात झाला तो झाकणापाशी. 294 मीटर लांबीचं ब्रिटिश जहाज ‘डर्बीशायर’ कॅनडातून जपानला लोहखनिज नेत असताना सप्टेंबर 1980 मध्ये ओकिनावाजवळच्या चक्रीवादळात 44 जणांसह बुडालं. पहिल्या चौकशीनं 1989 मध्ये निसर्गाच्या माऱ्याकडे बोट दाखवलं. नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही. 1994 मध्ये चार किलोमीटर खोलीवर अवशेष सापडले. नंतरच्या एका अहवालानं नाळेजवळच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळच्या, कोठाराचं झाकण नीट न लावल्याचा ठपका खलाशांवर ठेवला. 2000 च्या फेरचौकशीनं तो पुसला. लाटांनी पुढच्या डेकवरचे वायुवीजनाचे पाइप मोडले होते, त्यांतून पाणी आत शिरत गेलं आणि नाळ खाली बसली. मग लाटा थेट पहिल्या हॅच कव्हरवर कोसळल्या आणि ते खचलं. 1966 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार पुढच्या झाकणांसाठी दर चौरस मीटरला सुमारे पावणेदोन टन भार धरला जाई. वादळाचा भार त्याच्या कितीतरी पट होता.

आता नव्या जहाजांना पुढची झाकणं अधिक भक्कम लागतात, नाळेवर उंच डेक लागतो आणि खणांत पाणी शिरल्याचा इशारा देणारी यंत्रणाही. समुद्राचा भार कागदावर कमी धरला, तर त्याची किंमत खलाशी मोजतात. दोष मात्र आराखड्याचाच असतो.