दिवसातून चार वेळा

चिंगी मांजर झोपली की तिच्याखालची चादर ओली व्हायची. "नसबंदीचं ऑपरेशन केलंय ना तिचं, म्हणून गळते," असं सोसायटीत ठरूनही गेलं होतं, आणि तिला मंडईत नेऊन सोडायचं बोलणं सुरू झालं होतं. मला ते सहन होईना. खालच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी तिला दवाखान्यात घेऊन निघाली, तशी मीही निघाले.

नसबंदीनंतर लघवी गळण्याचा त्रास कुत्र्यांच्या माद्यांमध्ये, विशेषतः मोठ्या जातींत, खरोखर होतो. इस्ट्रोजेन कमी झालं की मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो. मांजरींमध्ये मात्र हे क्वचितच घडतं. म्हणून मांजर गळत असेल तर संसर्ग, खडा, जन्मजात दोष, मणक्याची किंवा नसांची इजा असं एकेक तपासावं लागतं. चिंगीची लघवी तपासली, एक्स-रे काढला. तिची शेपूट निर्जीव लोंबत होती. बहुधा गाडीच्या चाकाखाली येऊन ओढली गेली असावी. मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसाही शेपटीच्या मुळाजवळूनच निघतात. डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी चिमटा काढला, तेव्हा चिंगीने चिडून मान वळवली. "हे फार चांगलं झालं," डॉक्टर म्हणाले. तिथे जाणीव शिल्लक असली तर ताबा परत येण्याची आशा बरीच असते.

गळतंय म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय, असं आपल्याला वाटतं. इथे ते तुडुंब भरून वरचं थेंब थेंब सांडत होतं. नसबंदीचा दोष धरून स्नायू आवळणारं औषध दिलं असतं, तर लघवी आणखी तुंबली असती.

उपचार बराचसा हातांचा होता. दवाखान्यातल्या ताईंनी एका हाताने तिची छाती सावरली, दुसऱ्या हाताची बोटं पोटावरून मागे सरकवली. "हे बघ, लिंबाएवढं लागतंय." मग दाब, पण इतका सावकाश की बोटं हलताना दिसतही नव्हती. पोट ताठ झालं की त्या थांबत. जोर केला तर मूत्राशय फाटू शकतं. शेवटी ट्रेमध्ये धार पडली आणि उग्र वास खोलीभर पसरला. ताईंनी ट्रे उजेडात धरून लघवी गढूळ आहे का, रक्त आहे का ते पाहिलं. इतकं लक्ष देऊन लघवीकडे पाहणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"दिवसातून चार वेळा," ताई म्हणाल्या. मागच्या पायांवरचे केस कापायचे, कोमट पाण्याने पुसून कोरडं करायचं. माणसांची मलमं लावायची नाहीत, मांजर ती चाटतं आणि झिंक ऑक्साइड पोटात जातं. गोळ्या डॉक्टर देतील. "पण दिवसातून चार वेळा. सुट्टी नाही. नसा सुधारायला महिनाभर लागू शकतो."

मुलीने हात लावला. ताईंनी तिची बोटं जराशी खाली सरकवली. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री झोपायच्या आधी. दुपारी तिचं कॉलेज असतं, म्हणून बाराची पाळी शिकायला मी पुढे झाले.