घरी बांधायचा घडीचा ड्रोन : एका नजरेत

● रचना : चार दुमडते हात, चार ब्रशलेस मोटर, फ्लाइट कंट्रोलर, लिपो बॅटरी, गिंबलवर कॅमेरा. कर्णावरच्या मोटर एकाच दिशेने, शेजारच्या उलट दिशेने फिरतात.

● नाजूक जागा : हाताची बिजागरी. ती सैल राहिली, की कंप थेट चित्रणात उतरतो.

● वजन : ड्रोन नियम 2021 नुसार 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, पुढे 2 किलोपर्यंत मायक्रो. केवळ हौसेसाठी या दोन्हींना पायलट प्रमाणपत्र लागत नाही.

● प्रेरणा : पवईच्या आयआयटीतील माजी विद्यार्थ्यांची ड्रोन कंपनी आयडियाफोर्ज (स्थापना 2007). तिचा ड्रोन ‘थ्री इडियट्स’मध्येही दिसला.

● उड्डाण : मुंबईत अंधेरी, घाटकोपर विमानतळाजवळ आहेत; तिथे परवानगीशिवाय उडवू नका. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आणि मुंबई पोलिसांचे मनाई आदेश आधी तपासा.